लिटर तेवढेच, मग बोर्ड कशासाठी बदलायचा?

नेदरलँड्समधील अल्मेरे येथून एका वाचकांनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

“मी मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त अल्मेरे येथे स्थायिक. वय ४४, वजन ८४ किलो. काही वर्षांपूर्वी एका डच शेजाऱ्यांनी त्यांचा १९९०च्या दशकातला विंडसर्फिंगचा बोर्ड मला जवळजवळ फुकट दिला. त्याची लांबी २९५ सेंटिमीटर, रुंदी ५९ सेंटिमीटर आणि घनफळ १२० लिटर आहे. सोबत ५.५ आणि ६.८ चौरस मीटरची दोन शिडे मिळाली, तीही त्याच काळातली. जवळच्या मौडरबर्गच्या किनाऱ्यावर मी याच सामानावर शिकलो. हार्नेस (शिडाची ओढ शरीराने पेलण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) वापरता येतो, चांगला वारा असला की पाय बोर्डावरच्या पट्ट्यांत जातात. जाइब, म्हणजे वाऱ्याकडे पाठ ठेवून घेतलेले वळण, मात्र बहुधा पाण्यातच संपते. बोफर्ट मापाच्या ४ अंकाच्या वाऱ्यात बाकीचे सरसर निघून जातात आणि मी जागच्या जागी डुलत राहतो. सगळे म्हणतात, बोर्ड बदल. पण त्यांचे नवे बोर्ड पाहिले की मला जेवायला बसायचा पाट आठवतो, आणि त्यांवर लिहिलेले असते १२५ लिटर! पाच लिटरांसाठी पैसे का मोजायचे? बदलायचाच झाला तर जुनी शिडे चालतील का, की सरळ फॉइलकडेच (पाण्याखालच्या पंखांवर बोर्ड पाण्याबाहेर उचलणाऱ्या प्रकाराकडे) वळावे? शिवाय माझ्या १२ वर्षांच्या मुलीला शिकायचे आहे. जुना बोर्ड तिला द्यावा का?”

सप्रेम नमस्कार.

आपण बोर्ड बदलावा असेच माझेही मत आहे. मात्र नवा निवडताना रुंदीचा आकडा सर्वांत आधी पाहावा आणि लिटरचा त्यानंतर. लिटरवरून एवढेच कळते की बोर्ड किती ओझे तरंगवू शकेल. आपले ८४ किलो, बोर्डाचे आठ-नऊ, शीड, मास्ट (शिडाची उभी काठी) आणि बूम (हातात धरायची आडवी दांडी) मिळून साधारण तेवढेच आणि त्यात भिजलेला वेटसूट व हार्नेस असा हिशेब मांडला, तर १२० लिटरांपैकी जेमतेम पंधरा लिटर हाताशी उरतात. १२५ लिटरांच्या नव्या बोर्डाने या हिशेबात फार भर पडत नाही, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. फरक पडतो तो हे लिटर बोर्डाच्या कोणत्या भागात आहेत यामुळे. आपल्या बोर्डात ते जवळजवळ तीन मीटरांच्या लांबीवर पसरलेले आहेत आणि त्यांतला मोठा वाटा मास्टच्या पुढे, म्हणजे आपण कधीच उभे राहत नाही अशा जागी आहे. आजच्या बोर्डाची लांबी अडीच मीटरांच्या आत असते आणि त्याचे बहुतेक घनफळ मास्टपासून शेपटीपर्यंत, आपल्या पायांखाली आणि पायांच्या दोन्ही बाजूंना आणलेले असते.

याची खात्री टेपने करता येईल. शेपटीच्या टोकापासून ३० सेंटिमीटर पुढे बोर्डाची रुंदी मोजा. आपल्या बोर्डासारख्या जुन्या बोर्डांत ती बहुधा चाळीस सेंटिमीटरच्या आत भरते. मित्राच्या बोर्डावर तीच पन्नाशीच्या आसपास निघेल. बोर्ड प्लेन होतो म्हणजे तो पाणी ढकलत जाण्याचे सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर चढतो आणि त्यावरून घसरू लागतो, आणि तसे झाल्यावर त्याचा फक्त मागचा भाग पाण्याला टेकलेला राहतो. सगळा भार तेवढ्याच भागाने उचलायचा असतो. तो भाग अरुंद असला तर उचलण्यासाठी जास्त वेग लागतो, आणि त्या वेगासाठी जास्त वारा लागतो. आपण ४ अंकाच्या वाऱ्यात डुलत राहता याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण फिनशी, म्हणजे शेपटीखालच्या उभ्या पात्याशी, जोडलेले आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. शीड आपल्याला पुढे ओढते तसेच वाऱ्याबरोबर बाजूलाही रेटत असते आणि त्या रेट्याला पाण्याखाली फिन अडवून धरते. शीड जितके मोठे, तितकी फिन लांब हवी. परंतु लांब फिन वेग वाढला की बोर्डाची वाऱ्याकडची कड वर उचलू पाहते, आणि ती कड दाबून धरायची तर पाय बोर्डाच्या मध्यरेषेपासून दूर असावे लागतात. ५९ सेंटिमीटर रुंदीच्या बोर्डावर पट्टे मध्यरेषेच्या जवळच बसवलेले असतात, त्यामुळे पायांना तेवढी तरफ मिळत नाही. मोठे शीड, लांब फिन आणि रुंद शेपटी ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने चालतात. म्हणूनच केवळ बोर्ड बदलला आणि शीड ६.८चेच ठेवले, तर प्लेन होण्यासाठी फार तर एखाद-दुसरा नॉट (ताशी सागरी मैल) वारा कमी लागेल. नव्या बोर्डाची खरी किंमत वसूल होते ती त्यावर ७.५ चौरस मीटरचे शीड पेलता येते म्हणून. वाऱ्याचा ४ अंक म्हणजे ११ ते १६ नॉट. आज आपली गाडी बहुधा या पट्ट्याच्या वरच्या टोकाला सुटत असेल. नव्या जोडीवर १२-१३ नॉटांत सुटायला हरकत नाही.

ही गोष्ट बोर्ड बनवणाऱ्यांनाही उशिराच उमगली. नेदरलँड्समध्ये हा खेळ घरोघरी पोचला तो १९७०च्या दशकात, अल्मेलोच्या टेन काटे कंपनीने मूळचा अमेरिकन ‘विंडसर्फर’ परवान्याने बनवायला घेतल्यावर. तो बोर्ड ३.६५ मीटर लांब होता. लांबी म्हणजे वेग, हा होडीवरून आलेला समज पुढे बरीच वर्षे टिकला, आणि १९९०च्या दशकात बोर्ड आखूड झाले तरी अरुंदच राहिले, कारण ते प्रामुख्याने जोराचा वारा डोळ्यांसमोर ठेवून आखलेले होते. २०००च्या आगेमागे फॉर्म्युला प्रकारातले एक मीटर रुंदीचे बोर्ड शर्यतींत उतरले आणि हलक्या वाऱ्यातही प्लेन होता येते हे सगळ्यांना दिसले. ऑलिंपिकमधल्या बोर्डांची मापे पाहिली तरी हा बदल लक्षात येतो. १९९६ ते २००४ या काळातला मिस्ट्रल वन डिझाइन ३७२ सेंटिमीटर लांब आणि ६३.५ सेंटिमीटर रुंद होता. २००८पासून आलेल्या आरएस:एक्सची लांबी २८६ आणि रुंदी ९३ होती. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधला आयक्यूफॉइल २२० लांब आणि ९५ रुंद आहे. (आरएस:एक्सचे शेवटचे पुरुषांचे सुवर्णपदक मिळवणारा किरण बादलू आपल्याच अल्मेऱ्यात जन्मलेला आहे. त्याचे नाव वाचून बातमीवर थबकलेले मराठी वाचक मला ठाऊक आहेत.)

आता आपल्यासाठी नेमके काय घ्यावे ते सांगतो. आपले वजन, मौडरबर्गचे पाणी आणि आपली सध्याची तयारी पाहता १२५ ते १३५ लिटर घनफळाचा, ७५ ते ८० सेंटिमीटर रुंदीचा ‘फ्रीराइड’ (शर्यतीसाठी नव्हे, मोकळेपणाने फिरण्यासाठीच्या) प्रकारातला बोर्ड योग्य ठरेल. टाबूचा रॉकेट, जेपीचा मॅजिक राइड किंवा फॅनॅटिकचा गेको ही या जातीतली नेहमी दिसणारी नावे आहेत. त्यांतले डावे-उजवे करण्यात वेळ घालवू नका, कारण त्यांच्यातल्या फरकापेक्षा आपल्या जुन्या बोर्डाशी त्या प्रत्येकाचा असलेला फरक कितीतरी मोठा आहे. कोरा बोर्ड दीड-दोन हजार युरोंच्या घरात जातो आणि आपल्याला त्याची गरज नाही. मार्क्टप्लाट्सवर (वापरलेल्या वस्तूंच्या डच संकेतस्थळावर) आठ-दहा वर्षे वापरलेले बोर्ड त्याच्या काही अंशाच्या किमतीत मिळतात, आणि विशेषतः ऑक्टोबरनंतर, पाणी गारठले की, विकणाऱ्यांची घासाघीस करण्याची तयारीही वाढते. दोन प्रकारांपासून मात्र दूर राहा. पहिला, २०००च्या दशकाच्या सुरुवातीचे फॉर्म्युला बोर्ड: ते अतिशय स्वस्त दिसतात, पण त्यांना सत्तर सेंटिमीटरपर्यंतची फिन आणि अकरा-बारा चौरस मीटरचे शीड लागते. दुसरा, कार्बनचे स्लॅलम (शर्यतीचे) बोर्ड: त्यांचे नाक एका पडण्यात फुटते आणि ते सतत पूर्ण वेगाने हाकले तरच नीट वागतात.

मौडरबर्गचा विशेष विचार करायला हवा, कारण तेथील पाणी उथळ आहे आणि उन्हाळ्यात आयमेर व खोयमेर या दोन्ही सरोवरांत लांब धाग्यांची पाणवनस्पती माजते. फिनची लांबी सेंटिमीटरमध्ये साधारणपणे शिडाच्या चौरस मीटरांच्या सहापट असावी, असा एक ढोबळ हिशेब आहे, ७.५च्या शिडाला ४४-४५ सेंटिमीटरची फिन पडते. कंबरभर पाण्यात ती चालेल, पण किनाऱ्याजवळ बोर्ड आडवा धरून पुरेसे आत चालत जावे लागेल, आणि परतताना पाणी गुडघ्यावर येण्याच्या आधीच उतरावे लागेल. वेगात फिन वाळूत रुतली तर माणूस शिडासकट पुढे फेकला जातो आणि मास्ट बोर्डाच्या नाकावर आदळतो. वनस्पतीचा त्रास वेगळा असतो. सरळ उभ्या फिनला तिचे धागे गुंडाळले की बोर्ड अचानक जड होतो, फिनची पकड सुटते, आणि वारा पडला असे वाटून आपण विनाकारण शीड ओढत बसतो. जून ते सप्टेंबर या काळासाठी मागे झुकलेली, ३०-३४ सेंटिमीटरची वनस्पती-फिन वेगळी घ्या. तिच्यावर वाऱ्याच्या दिशेने चढणे थोडे कमी जमते, परंतु रुंद बोर्ड तिच्यावरही प्लेन होतो. फिन घेण्यापूर्वी नव्या बोर्डाचा फिनचा खाचा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून घ्या, कारण पॉवर बॉक्सची फिन टटलमध्ये बसत नाही, आणि आपल्या जुन्या फिन बहुधा दोहोंतही बसणार नाहीत.

शिडांबद्दल माझे उत्तर अर्धे होकाराचे आहे. ५.५चे शीड नव्या बोर्डावर पहिल्या दिवसापासून चालेल. ६.८चेही चालेल, पण त्या काळातल्या मोठ्या शिडांना लांब बूम लागत असे, झोत आला की त्यांचा ओढ मागे सरकतो आणि मागचा हात भरून येतो. आजच्या शिडांची मागची कड वरच्या बाजूला मुद्दाम सैल सोडलेली असते, तिच्यातून जास्तीचा वारा निसटतो आणि ओढ जागेवर राहतो. पारदर्शक कापड पिवळे पडून घडीवर तडकू लागले असेल, तर त्या शिडाचा मोह सोडावा. ७.५चे वापरलेले शीड घ्याल तेव्हा त्याला जुळणारा मास्टही त्याच माणसाकडून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. ६.८ आणि ७.५ या दोन्ही शिडांना बहुधा ४६० सेंटिमीटरचाच मास्ट लागतो, म्हणून जुना चालवून घेण्याचा मोह होतो. परंतु जुन्या मास्टचा बाक आजच्या शिडाच्या आखणीशी जुळला नाही, तर ते शीड कितीही खेचले तरी नीट बसत नाही आणि दोष शिडाला दिला जातो. मास्टचा पाया बोर्डात एका बोल्टने आवळला जाणारा आहे ना, तेवढे तपासा. हार्नेसच्या दोऱ्याही बदला. त्या काळी २२-२४ इंचांच्या दोऱ्या वापरत. रुंद बोर्डावर शरीर शिडापासून दूर जाते, म्हणून २८ इंचांपासून सुरुवात करा आणि बूमही सवयीपेक्षा थोडा वर, खांद्याच्या रेषेच्या वर बांधा.

आता सवयींविषयी, कारण पहिल्या काही आठवड्यांत आपल्याला जुनाच बोर्ड बरा होता असे वाटण्याची दाट शक्यता आहे. रुंद बोर्ड डावी-उजवीकडे स्थिर असतो. दोरीने शीड वर ओढताना हा फरक लगेच जाणवेल आणि सुखावेल. पुढे-मागे मात्र तो आपल्या जुन्या बोर्डाइतका क्षमाशील नसतो. तीन मीटरांच्या बोर्डावर प्लेन होण्याआधी एक पाऊल मागे टाकले तरी पुढची लांबी तोल सांभाळते. अडीच मीटरांच्या बोर्डावर तेच पाऊल टाकले की शेपटी बुडते, नाक आकाशाकडे जाते आणि बोर्ड वाऱ्याच्या तोंडाला वळून थांबतो. म्हणून पुढचा पाय पुढच्या पट्ट्याच्या अलीकडे, मास्टच्या बाजूला ठेवा, हार्नेसमध्ये बसा आणि आपले वजन पायांवर न देता बूमला लटकवा, म्हणजे ते मास्टमधून बोर्डाच्या पुढच्या भागावर उतरेल. बोर्ड थोडा वाऱ्यापासून दूर वळवून पाण्यावर सुटू द्या. तो सुटल्यावर, पायांखालचा आवाज बदलून सपसप असा झाला की, मगच पुढचा पाय पट्ट्यात घाला आणि त्यानंतर मागचा. पट्टे सुरुवातीला सर्वांत आतल्या आणि पुढच्या भोकांवर बसवा. महिन्याभराने, वेगात पाय आपोआप बाहेरच्या कडेला सरकू लागले की बाहेरच्या भोकांवर न्या. मास्टचा पाया खाच्याच्या मध्यावर ठेवून सुरुवात करावी आणि पुढे-मागे सरकवताना एका वेळी एकच सेंटिमीटर सरकवावा, नाही तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही.

जाइबचे म्हणाल, तर तिथे आपली जुनी सवय उलट आड येईल. अरुंद बोर्डाची कड हलक्या दाबानेही पाण्यात शिरते, त्यामुळे आपण मागचा पाय मध्यरेषेच्या जरा पलीकडे टाकून वळत असाल. ७८ सेंटिमीटरच्या बोर्डाला तेवढ्याने काही वाटत नाही. तो सरळच जात राहतो. मागचा पाय पट्ट्यातून काढून विरुद्ध कडेच्या अगदी जवळ टाकावा लागतो आणि गुडघे वळणाच्या आत वाकवून तो दाब वळण संपेपर्यंत टिकवावा लागतो. आपले जाइब आज पाण्यात संपते, कारण वळणाच्या मध्यावर वेग मरतो आणि अरुंद बोर्डाला वेगाशिवाय तोल नसतो. नव्या बोर्डावरही वेग मरेल, पण आपण उभे राहाल, शीड सावकाश उलटवाल आणि चूक कुठे झाली हे पाहायला कोरडे असाल. शिकण्याच्या या टप्प्यावर मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो.

जुना बोर्डच सुधारता येईल का, असे आपण विचारलेले नाही. पण कोणी शेपटी कापून रुंद करून देतो म्हणाले तर नकार द्या. आतला फोम एकदा उघडा पडला की पाणी पिऊ लागतो आणि तो बोर्ड पुन्हा कधी हलका होत नाही. वापरलेला बोर्ड घेतानाही हाच धोका पाहायचा असतो. जाताना घरातला वजनकाटा सोबत न्या. आधी स्वतः उभे राहून वजन घ्या, मग फिन व पट्ट्यांसह बोर्ड उचलून घ्या, आणि आलेला फरक उत्पादकाने दिलेल्या वजनाशी ताडून पाहा. पट्टे आणि फिनचे थोडे वजन धरूनही दीड-दोन किलो जास्त भरत असतील, तर पाणी आत आहे असे समजावे. टाचा टेकतात त्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. पृष्ठभाग खाली गेला किंवा बोटाच्या पेराने ठोकल्यावर आवाज एकदम बद्द झाला, तर वरचा थर सुटला आहे. फिनच्या खाच्याभोवती आणि मास्टच्या खाच्याच्या दोन्ही टोकांना केसासारखी चीर आहे का, तेही उजेडात पाहा. नाकावरची दुरुस्ती नीट केलेली असेल तर तिला घाबरू नका. नाक न फुटलेला बोर्ड बहुधा पाण्यात गेलेलाच नसतो.

फॉइलकडे इतक्यात वळू नये. फॉइलचा खांब ७५ ते ९५ सेंटिमीटर लांब असतो, मौडरबर्गला त्यासाठी खूप आत चालत जावे लागेल, आणि वनस्पतीच्या दिवसांत तो जवळजवळ निरुपयोगी ठरेल. पुढे इच्छा झालीच, तर फ्रीराइड बोर्डाच्या पॉवर बॉक्समध्ये फॉइल बसवू नका. त्याची तरफ एवढी मोठी असते की खाचा फुटतो.

मुलीला आपला जुना बोर्ड देऊ नका. ५९ सेंटिमीटर रुंदी आणि डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मधोमध पाण्यात उतरवायचे पाते) नाही, अशा बोर्डावर ती पहिला तास पडण्यात घालवेल आणि दुसऱ्या तासाला वाऱ्याबरोबर वाहत जाईल. तिच्यासाठी किनाऱ्यावरच्या शाळेचा डॅगरबोर्ड असलेला मोठा बोर्ड आणि तीन चौरस मीटरच्या आतले शीड भाड्याने घ्या. ७८ सेंटिमीटरचा आपला नवा बोर्ड शांत पाण्यात तिला त्यानंतर देता येईल.

आणि तो जुना बोर्ड विकण्याची घाई करू नका, कारण त्याचे पन्नास युरोसुद्धा येणार नाहीत, आणि तो ज्या वाऱ्यासाठी बनवला होता तो वारा आपल्याकडे शरद ऋतूत हमखास येतो. ६ अंकाच्या नैर्ऋत्य वाऱ्यात, आखूड उभ्या लाटांवर, रुंद बोर्ड आपटत आणि उडत जातो, आणि ५.५च्या शिडाखाली त्याची रुंदी नको होते. त्याच दिवशी ५९ सेंटिमीटरचा बोर्ड पाणी धरून राहतो आणि वळणातही कड सोडत नाही. एक पूर्ण हंगाम दोन्ही ठेवा. डिसेंबरपर्यंत जुना एकदाही पाण्यात गेला नसेल, तर कोणाला तरी देऊन टाका.